फडातल्या माणसाला कोण विचारतं?

जानेवारी २०२४ मध्ये पुण्यात एक बैठक झाली. शरद पवार आणि पंकजा मुंडे यांच्या उपस्थितीत राज्यातल्या ऊसतोड कामगारांच्या मजुरीत ३४ टक्के वाढ करायचं ठरलं. मुकादमाचं कमिशन एका टक्क्यानं वाढलं. साखर संघाचे लोक होते, संघटनांचे पदाधिकारी होते, फोटो निघाले, बातम्या झाल्या. संप टळला म्हणून सगळ्यांनी सुटकेचा श्वास सोडला.

आता कॅलेंडर बघा. गाळप हंगाम नोव्हेंबरमध्ये सुरू होतो. जानेवारी म्हणजे हंगाम ऐन भरात. ज्यांच्या मजुरीचं ठरत होतं ते त्या दिवशी कोल्हापूर, सांगली, सातारा, सोलापूरच्या नाहीतर थेट कर्नाटकातल्या फडात होते. दोन महिने ते काम करत होते आणि त्या कामाचा नवा दर काय, हे अजून कुणालाच माहीत नव्हतं. दर ठरला तोही मोबाईलवर आलेल्या बातमीतून कळला.

वाढ चांगली होती, तिला नावं ठेवायची नाहीत. पण या लेखात मला वेगळा प्रश्न विचारायचा आहे. एखाद्या समाजघटकाबद्दल निर्णय घ्यायचा असतो तेव्हा सरकार, कारखाने, संघटना नेमकं कुणाला विचारतात? कधी विचारतात? आणि विचारलं असं म्हणायला किमान काय घडावं लागतं?

मी धारूर तालुक्यातला. बालाघाटचा डोंगरपट्टा, हलकी जमीन, पावसाचा भरवसा नाही. शाळेत असताना दिवाळीनंतर आमचा वर्ग निम्मा व्हायचा. हजेरीपटावर नावं असायची, बाकावर माणसं नसायची. पुढे इंजिनिअरिंग झालं, आता पुण्यात सॉफ्टवेअरच्या नोकरीत आहे. तिथे रोज एक शब्द कानावर पडतो : 'स्टेकहोल्डर'. काहीही बांधायच्या आधी स्टेकहोल्डरला विचारा, हा आमच्या धंद्याचा पहिला धडा. या शब्दाचा सरकारी मराठीतला अनुवाद वाचला आणि मी तिथेच थांबलो.

भागधारक कोण?

सरकारी कागदांत 'स्टेकहोल्डर'ला बऱ्याचदा 'भागधारक' म्हणतात. भागधारक म्हणजे खरं तर शेअर घेतलेला माणूस. अनुवाद चुकलेला आहे, पण साखर कारखान्याच्या बाबतीत ही चूकच खरं सांगून जाते.

१९५०-५१ च्या हंगामात प्रवरानगरचा सहकारी साखर कारखाना सुरू झाला. विठ्ठलराव विखे पाटील, धनंजयराव गाडगीळ, वैकुंठभाई मेहता ही त्यामागची माणसं. कल्पना साधी आणि मोठी होती : ऊस पिकवणारा शेतकरीच कारखान्याचा मालक. त्यानं शेअर घ्यायचा, सभासद व्हायचं, वार्षिक सभेत उभं राहून प्रश्न विचारायचे, मत देऊन संचालक मंडळ निवडायचं. पश्चिम महाराष्ट्राचं राजकारण या वार्षिक सभांमधून घडलं.

पण ऊस पिकवणं आणि ऊस तोडणं ही दोन वेगळी कामं आहेत. पिकवणारा सभासद झाला. तोडणारा ना सभासद, ना कारखान्याच्या पगारपत्रकावरचा कामगार. कारखाना करार करतो मुकादमाशी किंवा वाहतूकदाराशी. मुकादम टोळी जमवतो. पोळ्यापासून दसऱ्यापर्यंत उचल वाटली जाते. एकदा उचल घेतली की पुढचे पाच-सहा महिने विकले गेलेले असतात. हंगामात काम कमी पडलं तर बाकी अंगावर राहते आणि पुढच्या वर्षी त्याच मुकादमाकडे जावं लागतं.

यातही हिशेबाचं एकक माणूस नाही. एकक आहे 'कोयता'. नवरा-बायको मिळून एक कोयता. नवरा तोडतो, बायको तोडते, मोळ्या बांधते, डोक्यावर वाहून गाडीत भरते, पहाटे उठून भाकरी थापते, आणि हिशेबात दोघं मिळून एक. उचलीचा व्यवहार नवऱ्याशी होतो. म्हणजे कारखान्याच्या दृष्टीनं तोडणारा मुकादमाच्या मागे, आणि तोडणारी तोडणाऱ्याच्या मागे. आमच्या भाषेत सांगायचं तर सिस्टीममध्ये या बाईचा रेकॉर्डच तयार होत नाही. ज्याचा रेकॉर्ड नाही त्याला विचारणार कसं?

साक्ष देण्याची जुनी परंपरा

सरकारनं लोकांना विचारणं ही आपल्याकडे नवी गोष्ट नाही. १८८२ मध्ये ब्रिटिश सरकारनं शिक्षणाची पाहणी करायला हंटर आयोग नेमला. त्याच्यापुढे १९ ऑक्टोबर १८८२ या तारखेचं जोतीराव फुल्यांचं निवेदन आहे. त्यातला मुद्दा हिशेबाचा होता : सरकारी महसुलाचा मोठा भाग कष्टकरी रयतेच्या घामातून येतो आणि शिक्षणावरचा खर्च मात्र वरच्या वर्गांच्या वाट्याला जातो. म्हणून प्राथमिक शिक्षण सक्तीचं करा आणि पैसा तिकडे वळवा. पैसा कुठून येतो आणि कुठे जातो, हे आयोगाला थेट विचारणारं हे निवेदन होतं.

पुढची पायरी २७ जानेवारी १९१९ ची. मतदानाचा हक्क कुणाला द्यायचा हे ठरवणाऱ्या साउथबरो समितीपुढे डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी साक्ष दिली. तेव्हा ते सिडनहॅम कॉलेजात प्राध्यापक होते. त्यांनी मांडलेली गोष्ट आजही प्रत्येक बैठकीच्या दारावर लिहून ठेवावी अशी आहे. अस्पृश्यांच्या वतीनं दुसऱ्या कुणी सहानुभूतीनं बोलणं म्हणजे प्रतिनिधित्व नव्हे, त्यांचे प्रतिनिधी त्यांच्यातलेच असले पाहिजेत आणि त्यासाठी त्यांना मताचा हक्क हवा, हा त्यांचा युक्तिवाद होता.

फुल्यांनी विचारलं, पैसा कुणाचा? आंबेडकरांनी विचारलं, आवाज कुणाचा? सल्लामसलतीच्या कुठल्याही प्रक्रियेला हे दोन प्रश्न लावले की ती खरी आहे की देखाव्याची, हे लगेच कळतं.

आमचा बीड जिल्हा तेव्हा निजामाच्या राज्यात होता. आयोग, साक्षी, निवेदनं हे सगळं सरहद्दीपलीकडे चाललं होतं. १७ सप्टेंबर १९४८ नंतर हैदराबाद संस्थान भारतात आलं, १९५६ मध्ये मराठवाडा द्विभाषिक मुंबई राज्यात आणि १९६० मध्ये महाराष्ट्रात आला. म्हणजे राज्य घडताना आम्ही उशिरा पंगतीला बसलो. पश्चिम महाराष्ट्रात तेव्हा कारखान्यांची धुराडी पेटलेली होती आणि त्यांना हात हवे होते.

१९७२ च्या दुष्काळानंतर फडाकडे जाणारी वाट रुंद झाली. त्याच काळात महाराष्ट्रानं एक मोठं काम केलं. वि. स. पागे यांच्या कल्पनेतून रोजगार हमी योजना उभी राहिली आणि १९७७ मध्ये तिचा कायदा झाला. काम मागणं हा हक्क झाला. पुढे सगळ्या देशानं हा धडा घेतला. पण हमीच्या कामावर उचल मिळत नाही. लग्न, आजारपण, घराचं छप्पर यासाठी एकरकमी पैसा लागतो आणि तो देणारा एकच माणूस गावात येतो, तो म्हणजे मुकादम. त्यामुळे हमी कागदावर राहिली आणि गाव फडावर गेलं.

लवाद

ऊसतोड्यांना आवाज मिळाला तो संघटनेतून. पाथर्डीच्या बबनराव ढाकणे यांनी त्यांना संघटित केलं. नंतर परळी तालुक्यातल्या नाथ्र्याचे गोपीनाथ मुंडे त्यांचे नेते झाले. वर्षानुवर्षं पद्धत अशी राहिली : हंगामाच्या तोंडावर संघटना कोयता बंदची हाक देणार, साखर संघाकडून शरद पवार आणि कामगारांकडून मुंडे असा लवाद बसणार, काही वर्षांसाठीचा करार होणार. २०१४ मध्ये मुंडे गेले. त्यानंतर ती जागा पंकजा मुंडे यांच्याकडे आली. ऑक्टोबर २०२० मध्ये मांजरीच्या वसंतदादा शुगर इन्स्टिट्यूटमध्ये १४ टक्क्यांची वाढ ठरली, आणि नंतर जानेवारी २०२४ मध्ये ३४ टक्क्यांची.

या पद्धतीला हसणं सोपं आहे. मी हसणार नाही. ज्यांच्याकडे शेअर नाही, पगारपत्रक नाही, मोठी जमीन नाही, त्यांच्या बाजूनं कुणीतरी वजनदार माणूस पवारांच्या समोर बसतो ही गोष्ट लहान नव्हती. आमच्याकडे मुंड्यांबद्दल जी माया आहे तिच्यात याचा मोठा वाटा आहे. आपला माणूस आत बसलाय, एवढ्यावर लोकांनी कोयते खाली ठेवले आणि एवढ्यावरच ते उचलले.

पण लवाद ही पद्धत म्हणून तपासली तर तिच्यात तीन खाचा दिसतात.

पहिली खाच वेळेची. कामगाराकडे एकच ताकद आहे, फडावर न जाणं. ही ताकद उचल घेण्याआधी असते. उचल वाटली जाते ऑगस्ट-सप्टेंबरपासून. करार होतो ऑक्टोबरात, कधी थेट जानेवारीत. म्हणजे ज्याची ताकद होती ती खर्च झाल्यावर बोलणी सुरू होतात.

दुसरी खाच मोजमापाची. बोलणी होतात टक्क्यांवर. मजुरी किती टक्के वाढली हे सगळ्यांना पाठ असतं. पण मजुरी टनावर आहे. टन मोजला जातो कारखान्याच्या काट्यावर, जिथे तोडणारा उभा नसतो. आजारी पडलं, पाळी आली, पोर तापलं म्हणून एक दिवस काम चुकलं तर तो 'खाडा', आणि खाड्याचे पैसे उचलीच्या हिशेबात कापले जातात. कोपीला पाणी नाही, संडास नाही, वीज नाही. यातली कुठलीही गोष्ट टक्क्यांत बसत नाही, म्हणून ती बातमीत बसत नाही.

तिसरी खाच खुर्चीची. त्याच बैठकीत मुकादमाचं कमिशनही ठरतं. अनेक संघटनांमध्ये मुकादमच पुढारी असतात. त्यांचीही ओढाताण असते. उचल घेऊन टोळी पळाली तर कारखाना मुकादमाच्या मानेवर बसतो, त्यात जमिनी विकलेले मुकादम आमच्या भागात आहेत. पण उचल देणारा आणि उचल घेणारा यांचं हित प्रत्येक वेळी एक नसतं. दोघांसाठी एकच खुर्ची ठेवली की तीवर कोण बसणार हे ठरलेलंच.

महाराष्ट्रात याहून वेगळं करता येतं, हेही महाराष्ट्रानंच दाखवलं आहे. मुंबईच्या बंदरात, बाजारात ओझी वाहणाऱ्यांसाठी अण्णासाहेब पाटील लढले आणि १९६९ मध्ये माथाडी कायदा झाला. त्या कायद्यात मंडळ आहे. मंडळावर मालक आणि कामगार यांचे सारखे प्रतिनिधी आणि सोबत सरकारचे. मजुरी मंडळामार्फत, नोंद मंडळाकडे. ऊस उत्पादकांसाठीही २०१३ चा ऊस दर कायदा आहे आणि त्याखालच्या मंडळावर शेतकरी आणि कारखाने दोघांचे प्रतिनिधी बसतात. म्हणजे ओझं वाहणाऱ्याला मंडळ मिळालं, ऊस पिकवणाऱ्याला मंडळ मिळालं. ऊस तोडणाऱ्याला लवाद मिळाला. मंडळ कायद्यानं चालतं, ते माणूस बदलला तरी राहतं. लवाद माणसांवर चालतो.

दूरच्या देशातला एक प्रयोग

हाच पेच श्रीमंत देशांनाही सुटलेला नाही. मार्च २००० मध्ये लिस्बनच्या परिषदेनंतर युरोपीय संघानं सदस्य देशांना सांगितलं की गरिबी आणि बहिष्कृतपणा कमी करण्यासाठी प्रत्येकानं आपला राष्ट्रीय आराखडा करावा. पहिले आराखडे २००१ मध्ये आले. त्याच्या चार उद्दिष्टांपैकी एक असं होतं की संबंधित सगळ्यांना, म्हणजे गरिबी भोगणाऱ्यांनाही, या कामात सामील करून घ्यायचं. सक्ती नव्हती. एकमेकांचे आराखडे बघून शिकायचं, एवढीच पद्धत.

काही देशांनी वेबसाईटवर मसुदा टाकला, दोन-चार सभा घेतल्या आणि सल्लामसलत झाली असं लिहून टाकलं. पण दोन उदाहरणं वेगळी आहेत. बेल्जियममध्ये त्याआधीच, १९९४ मध्ये, गरिबीवरचा एक मोठा अहवाल तयार झाला होता. तो करताना गरीब लोकांच्या संघटनांनी आपापसांत आधी बोलून घेतलं, मग अधिकाऱ्यांशी बोलले. माहिती देणारे म्हणून त्यांना बोलावलं नव्हतं, विषय कोणते घ्यायचे हेच त्यांनी ठरवलं. २००१ मध्ये बेल्जियमनंच पुढाकार घेऊन गरिबी अनुभवणाऱ्यांची पहिली युरोपीय बैठक ब्रुसेल्समध्ये भरवली.

दुसरं उदाहरण आयर्लंडचं. तिथे १९८७ पासून सरकार, मालक, कामगार संघटना आणि शेतकरी एकत्र बसून काही वर्षांचा राष्ट्रीय करार करत. आपल्या लवादाची मोठी, लिखित आवृत्ती म्हणा. बेरोजगार, एकट्या आया, वस्त्यांमधले गट बाहेर होते. त्यांनी भांडून १९९६ च्या बोलण्यांमध्ये स्वतःचा वेगळा गट म्हणून जागा मिळवली. पुढे २००३ चा करार त्यांतल्या काहींना पटला नाही. महिलांच्या राष्ट्रीय परिषदेनं सही करायला नकार दिला.

मला या नकाराचं महत्त्व वाटतं. ज्याला टेबलावर बसून 'नाही' म्हणता येतं त्यालाच विचारलं गेलं असं म्हणता येईल. बाकी सगळं कळवणं झालं. आमच्या कंपन्यांतही हेच असतं. सगळं ठरल्यावर वापरणाऱ्याला डेमो दाखवतात आणि त्याला फीडबॅक सेशन म्हणतात. तो बिचारा मान हलवतो, कारण बदलायला आता वेळच उरलेला नसतो.

२०१९ : बाई मोजली गेली

२०१९ च्या उन्हाळ्यात बीड जिल्हा देशाच्या बातम्यांत आला. ऊसतोड करणाऱ्या बायकांची गर्भाशयं मोठ्या संख्येनं काढली जात आहेत, अशा बातम्या छापून आल्या. जिल्ह्यात कुजबुज आधीपासून होती. पिशवी काढली की पाळीचा त्रास नाही, खाडा नाही, डॉक्टरही म्हणतो काढून टाका नाहीतर कॅन्सर होईल, अशी वाक्यं मी घरातल्या बायकांच्या बोलण्यात ऐकलेली होती. तेव्हा त्यांचा अर्थ लागायचा नाही.

विधान परिषदेत प्रश्न आला. सरकारनं सांगितलं की तीन वर्षांत जिल्ह्यातल्या ९९ खासगी रुग्णालयांत ४,६०५ गर्भाशय शस्त्रक्रिया झाल्या. नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली गेली. आणि या समितीच्या कामात एक गोष्ट झाली जी लवादाच्या इतक्या वर्षांत झाली नव्हती : बायकांना, एकेकीला, विचारलं गेलं. जिल्ह्यातल्या ८२,३०९ ऊसतोड महिलांची पाहणी झाली. त्यांतल्या १३,८६१ जणींचं गर्भाशय काढलेलं होतं.

भागाकार करा. जवळजवळ सतरा टक्के, म्हणजे सहा जणींमागे एक. २०१५-१६ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत १५ ते ४९ वयाच्या बायकांमध्ये हे प्रमाण महाराष्ट्रात २.६ टक्के आणि देशात ३.२ टक्के होतं. दोन्ही पाहण्यांची पद्धत वेगळी आहे, वयोगटही तंतोतंत एक नाहीत, त्यामुळे काटेकोर तुलना करू नये. पण एवढा मोठा फरक पद्धतीतल्या फरकानं भरून निघत नाही.

इथे कोयता मोजला नाही, बाई मोजली. आणि एकक बदलल्याबरोबर जे दिसत नव्हतं ते दिसलं. कराराच्या एकाही कागदात खाडा आणि गर्भाशय यांचा संबंध आलेला नव्हता, कारण ज्यांना तो ठाऊक होता त्यांना कुणी विचारलंच नव्हतं.

पुढे काय झालं? जिल्हा शल्यचिकित्सकांच्या परवानगीशिवाय खासगी रुग्णालयात ही शस्त्रक्रिया करायची नाही, असा नियम आला. नियम गरजेचा होता. पण नियम लागला तो दवाखान्याला. खाडा तसाच राहिला. कोपीजवळ संडास, पाळीच्या दिवसांत पगारी सुट्टी, बाळंतपणाची सोय, बाईच्या नावावर तिची मजुरी, या मागण्या महिला किसान अधिकार मंच आणि बीडमधल्या कार्यकर्त्या आजही मांडत आहेत. बायकांनी आपलं दुखणं सांगितलं ते अंगावरच्या जखमेसारखं. उपाय ठरवताना पुन्हा तज्ज्ञ बसले. प्रश्न विचारताना बोलावलं, उत्तर ठरवताना नाही, ही अर्धी सल्लामसलत.

नोंद, पैसा, आणि कॅलेंडर

मार्च २०२० मध्ये लॉकडाऊन लागला तेव्हा हे लोक फडातच अडकले. एप्रिलमध्ये त्यांना गावी सोडायचा निर्णय झाला. तेव्हा सरकारनं दिलेला आकडा सव्वा लाखाहून जास्त होता, आणि तो कारखान्यांनी उभारलेल्या निवाऱ्यांवरून आलेला होता. राज्यात एकूण ऊसतोड कामगार किती, यावर मात्र अंदाजच आहेत. कुणी आठ लाख म्हणतं, कुणी त्याच्या जवळपास दुप्पट. डेटाबेसच्या धंद्यातला माणूस म्हणून मला हे धक्कादायक वाटतं. ज्या उद्योगाला एकेका ट्रकमधला ऊस किलोपर्यंत मोजता येतो त्याला तो तोडणारी माणसं लाखांच्या फरकानंसुद्धा सांगता येत नाहीत.

यानंतर काही पावलं पडली. गोपीनाथ मुंडे यांच्या नावाचं ऊसतोड कामगार कल्याण महामंडळ सामाजिक न्याय विभागाखाली आलं. कारखान्यांनी टनामागे १० रुपये द्यायचे आणि सरकारनं तेवढेच घालायचे, असं ठरलं. एका हंगामात दहा कोटी टन ऊस गाळला गेला तर कारखान्यांकडूनच १०० कोटी रुपये होतात. फुल्यांचा प्रश्न इथे विचारायला हवा : हा पैसा कशावर जातो, हे ठरवताना कोण बसतं? मुलांसाठी संत भगवानबाबा वसतिगृहांची योजना आली, ४१ तालुक्यांत ८२ वसतिगृहं. ग्रामसेवकांनी कामगारांची नोंद करून ओळखपत्र द्यायचं ठरलं. दिशा बरोबर आहे.

पण एक साधी गोष्ट अजून जुळलेली नाही. सरकार लोकांना ज्या दिवशी विचारतं ते दिवस आणि हे लोक गावात असतात ते दिवस.

ग्रामसभांच्या ठरलेल्या तारखा बघा : २६ जानेवारी, १ मे, १५ ऑगस्ट, २ ऑक्टोबर. घटनेच्या ७३ व्या दुरुस्तीनं ग्रामसभेला मोठं स्थान दिलं. पण २६ जानेवारीला आमच्या गावात म्हातारी माणसं आणि त्यांच्यावर सोपवलेली पोरं असतात. १ मेला लोक नुकतेच आलेले, हिशेबाच्या भांडणात अडकलेले. २ ऑक्टोबरला बाजारहाट आणि जायची तयारी. राहिला एक दिवस, १५ ऑगस्ट, आणि त्या दिवशी झेंडावंदन उरकून कोरम भरल्याच्या सह्या होतात.

मतदानाचं तेच. २०२४ ची विधानसभा निवडणूक २० नोव्हेंबरला होती आणि गाळप हंगाम सुरू करायची तारीख ठरली होती १५ नोव्हेंबर.

जनगणनेचंही तेच. २०११ च्या जनगणनेत माणसं मोजली गेली ९ ते २८ फेब्रुवारी या दिवसांत. नियम असा की त्या संपूर्ण काळात जो घरी नाही त्याची नोंद तो जिथे असेल तिथे व्हायची. म्हणजे बीडचा तोडकरी मोजला गेलाच असेल तर सांगली-कोल्हापूरच्या एखाद्या उसाच्या शेतातल्या कोपीत. गणना करणारा शिक्षक तिथे पोचला असेल तर. आणि याच आकड्यांवरून गावाला निधी, रेशन, दवाखाने ठरतात. आमच्या गावांची लोकसंख्या सरकार नेमकी त्या महिन्यात मोजतं ज्या महिन्यात गावं रिकामी असतात.

यात कुणाचं कारस्थान नाही. फेब्रुवारीत देशभर हवा बरी असते, शेतीची कामं थोडी सैल असतात, म्हणून तो महिना. कॅलेंडर आखणाऱ्याच्या डोळ्यासमोर बीड नव्हतं, एवढंच. पण वगळलं जाणं बहुतेक वेळा असंच घडतं. कुणी मुद्दाम दार लावत नाही. दार उघडायची वेळ अशी ठेवलेली असते की आपण तेव्हा दुसऱ्या गावात मोळ्या बांधत असतो.

मग काय करता येईल?

मी धोरणतज्ज्ञ नाही. पण एखादी बिघडलेली प्रक्रिया समोर आली की ती कुठे अडते हे शोधायची सवय लागलेली आहे, त्या सवयीनं चार गोष्टी दिसतात.

कराराची बोलणी उचल वाटायच्या आधी, जुलैमध्ये पूर्ण झाली पाहिजेत. दर माहीत असताना उचल घेणं आणि माहीत नसताना घेणं यात जमीन-अस्मानाचं अंतर आहे.

कोयत्याऐवजी माणूस मोजला पाहिजे. नवऱ्याची नोंद वेगळी, बायकोची वेगळी, मजुरीचा हिशेब वेगळा. २०१९ नं दाखवून दिलं आहे की एकक बदललं की सत्य बदलतं.

मुकादम आणि तोडकरी यांच्या खुर्च्या वेगळ्या हव्यात, आणि तोडकऱ्यांच्या खुर्च्यांपैकी निम्म्या बायकांच्या. लवाद राहू दे, त्याचं वजन राहू दे, पण त्याच्या खाली माथाडी मंडळासारखा कायद्याचा पाया असू दे. म्हणजे नेता बदलला, सरकार बदललं तरी खुर्ची जागेवर राहील.

आणि करार झाला की त्याची प्रत फडात पोचली पाहिजे, मराठीत, सोप्या भाषेत, ऐकता येईल अशी. आज प्रत्येक टोळीत निदान एक स्मार्टफोन आहे. दोन मिनिटांचा आवाज पाठवायला कुठल्याही महामंडळाला वेगळा निधी लागत नाही.

पुढची जनगणना जाहीर झालेली आहे. देशाच्या बहुतेक भागात माणसं मोजली जाणार आहेत फेब्रुवारी २०२७ मध्ये. म्हणजे पुन्हा ऐन हंगामात. ज्यांचे आईवडील, चुलते, वर्गमित्र त्या महिन्यात फडावर असतील अशा, फोनवर हे वाचणाऱ्या प्रत्येकानं एवढं तरी करावं : ते कोणत्या कारखान्याच्या हद्दीत, कोणत्या गावच्या शिवारात आहेत ते विचारून ठेवावं, आणि गणनेचा माणूस कोपीपर्यंत आला का, याची फोन करून खात्री करावी. आला नसेल तर तिथल्या तहसीलला कळवावं.

बाकीच्या गोष्टींसाठी वाट बघायची गरज नाही. ऑगस्टमध्ये फड रिकामे असतात आणि गावं भरलेली असतात. कुणाला खरंच विचारायचं असेल, तर तो महिना दर वर्षी येतो.